ट्रॉलीबस म्हणजे काय, आणि मुंबईने ती का सोडली?

इलेक्ट्रिक बसच्या बातम्यांमध्ये अधूनमधून ट्रॉलीबस डोकावते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या भाषणांत तर ती बऱ्याचदा येते. आणि दर वेळी खालच्या चर्चेत तेच प्रश्न असतात: ही ट्रामच ना? रस्त्यावर उघड्या तारा टांगणार? पावसात करंट लागला तर? बॅटरीच्या बस आल्यात, मग हे जुनं लचांड कशाला?

प्रश्न रास्त आहेत. पण ही गाडी मुंबईत होऊन गेली आहे, हे त्या चर्चेत सहसा कोणाच्या गावीही नसतं. 11 जून 1962 ते 24 मार्च 1971, म्हणजे जवळपास पावणेनऊ वर्षं, गोवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर बेस्टची ट्रॉलीबस धावत होती. गाड्या होत्या बारा, चेकोस्लोव्हाकियाच्या स्कोडा कंपनीच्या. आज मोटारींमुळे घरोघरी माहीत असलेली स्कोडा कंपनी वेगळी, नाव तेवढं एक. मार्ग एकच. तो बंद पडला आणि ट्रॉलीबस मुंबईच्या आठवणीतूनही उतरली. ट्रामच्या वाट्याला आलेलं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नाही.

ट्रामला एक तार पुरते, हिला दोन का लागतात?

ट्रॉलीबस म्हणजे साधी बसच, रबरी टायरची आणि रुळांशिवाय चालणारी. इंजिनाच्या जागी विजेची मोटर असते आणि वीज येते रस्त्याच्या वर ताणलेल्या तारांमधून. आपण लोकलच्या संदर्भात जिला ओव्हरहेड वायर म्हणतो, तशीच ही.

फरक आहे तो विजेच्या परतीच्या वाटेत. वीज नुसती पोहोचून भागत नाही, तिला परत जायलाही रस्ता लागतो, तेव्हाच मोटर फिरते. लोकल आणि ट्राम वरच्या तारेतून वीज घेतात आणि लोखंडी चाकांमधून रुळात सोडतात. रूळ हीच परतीची वाट. ट्रॉलीबसच्या खाली रूळ नाहीत आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून वर दुसरी तार. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. दोन्हींमध्ये साधारण दोन फुटांचं अंतर असतं आणि दाब बहुतेक ठिकाणी 600 ते 750 व्होल्टचा असतो, तोही घरातल्या विजेसारखा उलटसुलट न होता एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी.

बसच्या टपावर मागच्या बाजूला दोन लांब दांडे असतात, सुमारे सहा मीटरचे. मजबूत स्प्रिंग त्यांना सतत वर ढकलत असते. दांड्याच्या टोकाला खाच असलेला एक छोटा बूट असतो, त्यात कार्बनचा तुकडा. हा बूट तारेला खालून चिकटून घसरत जातो. बूट आणि दांडा दोन्ही आडवे फिरू शकत असल्यामुळे बस तारेच्या बरोबर खालीच राहिली पाहिजे असं नसतं. डावीउजवीकडे चारेक मीटर सरकून ती उभ्या ट्रकला किंवा हातगाडीला वळसा घालू शकते. ट्रामला हे कधीच जमलं नाही. रुळावर बैलगाडी अडली की मागची ट्राम अडली, आणि तिच्या मागची सगळी रांगही.

तार सुटली की काय होतं?

ट्रॉलीबसची खरी परीक्षा सरळ रस्त्यावर नसते, चौकात असते.

जिथे मार्ग फुटतो तिथे तारेलाही रुळांसारखा सांधा असतो. तो बदलायची एक जुनी, चतुर पद्धत काही शहरांत होती. सांध्याखालून जाताना चालकाने मोटरला वीज चालू ठेवली तर तारेचा काटा एका बाजूला वळायचा, पाय उचलून नुसतं घरंगळत गेला तर दुसऱ्या बाजूला. म्हणजे कुठे वळायचं हे चालक पायाने तारेला सांगायचा. विसरला तर दांडे एकीकडे आणि बस दुसरीकडे.

दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथे आणखी पंचाईत. एका मार्गाची येणारी तार दुसऱ्याच्या परतीच्या तारेला टेकली तर थेट शॉर्टसर्किट. म्हणून छेदाच्या जागी तारेचा छोटा तुकडा वीज न वाहणारा बसवतात. एवढा टप्पा बस आधीच्या वेगावर पार करते. नेमकी तिथेच ब्रेक मारायची वेळ आली तर गाडी निर्जीव होऊन उभी राहायची आणि उतारूंना उतरवून ढकलावी लागायची.

आणि तार सुटायची. वळणावर वेग जरा जास्त झाला, तारेचा ताण कमी पडला किंवा कार्बन झिजला की बूट तारेवरून निसटतो. वर ढकलणारी स्प्रिंग त्या क्षणी दांड्याला मोकाट सोडते. दांडा उसळतो, आडव्या आधारतारांवर आपटतो, ठिणग्या उडतात. मग वाहक किंवा चालक खाली उतरणार, बसच्या मागे लोंबणारी दोरी धरून दांडा खाली ओढणार, मान वर करून बूट पुन्हा तारेवर बसवणार. आधी एक, मग दुसरा. सराव असला तर मिनिटभराचं काम. भर चौकात, मागे हॉर्न वाजत असताना, पावसाच्या धारा डोळ्यांत जात असताना तेच मिनिट फार लांबतं.

मग एवढा उपद्व्याप करायचाच कशाला?

इथे नळ आणि हंड्याचा हिशेब उपयोगी पडतो.

डिझेलची बस असो की बॅटरीची, ती दिवसभराची ऊर्जा बरोबर घेऊन फिरते. हंडा डोक्यावर घेऊन चालावं तसं. ट्रॉलीबसला नळ आहे. लागेल तेव्हा, लागेल तेवढं, उघडलं की मिळतं. शहरात चालणारी विजेची बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज खाते, एसी जोरात असेल तर जास्त. दिवसाला दोनशे किलोमीटर धरले तर अडीचशे युनिट झाले. आपल्या घराच्या विजेच्या बिलावरचा महिन्याचा आकडा काढून पाहा, म्हणजे एका बसची एका दिवसाची भूक कळेल. एवढी वीज साठवणारी बॅटरी दोन-अडीच टन भरते. ते ओझं बस सकाळपासून रात्रीपर्यंत वाहत असते आणि ते वाहण्यासाठीही वीज जाळते. तारेवरच्या बसला हे ओझंच नाही.

दुसरा फायदा मोटरचा. डिझेल इंजिनला जोर यायला फेरे वाढवावे लागतात, म्हणूनच थांब्यावरून निघताना ते गुरगुरतं आणि धूर सोडतं. विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण जोर लावते. चढावर तर हा फरक चांगलाच जाणवतो. सॅन फ्रान्सिस्कोने उभ्या चढांच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस आजवर टिकवून धरल्या, त्यात हे मोठं कारण आहे. उतारावर उलटा व्यवहार: मोटरच जनित्र बनते आणि ब्रेक लावताना तयार झालेली वीज तारेत परत देते. त्याच तारेवर कुठेतरी चढ चढणारी बस ती वापरते.

पण नळाला आधी पाइप टाकावा लागतो. सगळं घोडं तिथे पेंड खातं. खांब, तारा, दर काही किलोमीटरवर वीज बदलून देणारं सबस्टेशन, तारा तपासणारी शिडीची गाडी आणि ती चालवणारी माणसं, हा खर्च तारेखालून दिवसाला पन्नास बस गेल्या काय नि पाचशे गेल्या काय, जवळपास तेवढाच. म्हणजे बस वाढतील तसा एकेका फेरीवरचा भार हलका होतो.

मुंबईने नेमकं काय केलं?

बेस्ट ही त्या काळी ट्रॉलीबससाठी जणू घडवलेली संस्था होती. शहराला वीज विकणारी आणि शहराची बस चालवणारी संस्था एकच. 1905 मध्ये तिने वाडीबंदरला वीजघर उभारलं, 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम सुरू केली, 15 जुलै 1926 रोजी पहिली बस सोडली. 1947 च्या ऑगस्टमध्ये ती महापालिकेच्या ताब्यात आली. तारा, सबस्टेशन, विजेच्या मोटरी, सगळ्याची माणसं घरचीच.

मार्गही बघा. गोवालिया टँक पश्चिमेला, मलबार हिलच्या पायथ्याशी. माझगाव गोदी थेट पूर्व किनाऱ्यावर. मधे पश्चिम, मध्य आणि हार्बर अशा तिन्ही रेल्वेमार्ग ओलांडायचे. मुंबईच्या लोकल दक्षिणोत्तर धावतात. बेटाला आडवं छेदणारं काम रस्त्यानेच करावं लागतं, आणि गोदीच्या परिसरात कामगारांची वर्दळ भरपूर. मार्गाची निवड काही वाईट नव्हती.

चुकली ती वेळ. लंडनचं ट्रॉलीबस जाळं एके काळी जगातलं सर्वांत मोठं होतं. त्याची शेवटची गाडी 8 मे 1962 रोजी आगारात गेली आणि पाच आठवड्यांतच मुंबईने आपली पहिली गाडी रस्त्यावर आणली. दिल्लीत 1935 पासून ट्रॉलीबस होती, तीही त्याच 1962 मध्ये संपली. जग ज्या दारातून बाहेर पडत होतं त्या दारातून आपण आत शिरलो. आणि मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद झाली. ट्रामच्या तारा, सबस्टेशन, मोटर दुरुस्तीची कौशल्यं यांचा पसारा शहरात होता तोवर त्याच्या शेजारी ट्रॉलीबसचा खर्च खपून गेला असता. ट्राम गेल्यावर डीसी विजेचा सगळा व्याप बारा गाड्यांसाठी सांभाळायचा, हे गणित कोणत्याही हिशेबनिसाला पटणारं नव्हतं.

बंद करण्याचं नोंदलेलं कारण मात्र वेगळं आणि एका ओळीचं आहे: यंत्रांची अतोनात झीज. ते खोटं असण्याचं कारण नाही. मुंबईची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, खड्डे आणि क्षमतेपेक्षा जास्त उतारू यांत कुठलीही गाडी झिजते. पण डिझेलची बस झिजली तर तिचा सुटा भाग शेकडो भावंडांसाठी साठवलेला असतो. बारा गाड्यांच्या परदेशी ताफ्यात एक मोटर जळली की बाराव्या हिश्शाची सेवा बसली. माझ्या मते मुंबईत ट्रॉलीबसची खरी चाचणी झालीच नाही. एका घरासाठी पाइप टाकला आणि पाणी महाग पडतं म्हणून नळयोजना गुंडाळली, असा तो प्रकार.

पुढचा योगायोग बोचरा आहे. मुंबईच्या तारा थंड पडल्या 1971 च्या मार्चमध्ये. 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला.

पावसात करंट लागणार नाही?

हा धोका काल्पनिक नाही, आणि तो ट्रॉलीबसचा खास स्वतःचा आहे. ट्रामच्या पत्र्यात वीज झिरपली तर ती चाकांवाटे रुळात निघून जाते. ट्रॉलीबस रबरावर उभी. झिरपलेल्या विजेला जमिनीकडे वाट नाही, ती पत्र्यातच राहते. अशा वेळी एक पाय ओल्या रस्त्यावर आणि हात दाराच्या दांडीवर असलेला उतारूच ती वाट बनू शकतो.

म्हणून विजेचे सगळे भाग आणि बसचा सांगाडा यांच्यामध्ये विजेला अडवणारे थर एकावर एक असे दोन लावतात. एक फुटला तरी दुसरा शाबूत. शिवाय गळती मोजणारं यंत्र गाडीत असतं आणि आगारातून निघण्याआधी तपासणी होते. दाराच्या दांड्या आणि पायऱ्या मुद्दाम वीज न वाहणाऱ्या वस्तूने मढवतात. शांघायमध्ये नोव्हेंबर 1914 पासून ट्रॉलीबस आहे आणि पाऊस तिथेही आपल्यासारखाच धो धो पडतो.

वीज गेली तर? रस्ता खणला तर? आणि गणपती?

जुन्या ट्रॉलीबसपुरतं उत्तर सोपं आणि निराशाजनक आहे: थांबायची. तारेला वीज टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या सबस्टेशनांतून मिळते, त्यामुळे सगळा मार्ग एकदम मरत नसे, पण मेलेल्या टप्प्यातली बस जागची हलत नसे. पुढची बस बंद पडली तर मागचीला ओलांडता येत नसे, कारण तारांची जोडी एकच. पुढचीचे दांडे खाली बांधायचे, तेव्हा मागची निघणार. रस्ता खणला, मार्ग वळवला, तर डिझेलची बस बाहेर काढा. ज्या शहरात रस्ता खणलेला नाही असा महिना जात नाही, तिथे हा आक्षेप वजनदार आहे.

गणपतीचा प्रश्नही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तारा रस्त्यापासून साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फुटांवर असतात. ट्रकवर बसवलेली मोठ्या मंडळाची मूर्ती त्याखालून जाणार नाही. मिरवणुकीसाठी वीज बंद करता येते, तार बाजूला करता येत नाही. बेस्टच्या हद्दीत घरगुती विजेच्या तारा जमिनीखालून जातात, त्यामुळे दक्षिण मुंबईच्या माणसाला डोक्यावरच्या तारांची सवयही नाही.

या सगळ्या आक्षेपांना गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकच उत्तर मिळालं आहे: तार सगळीकडे टाकूच नका.

तार अर्ध्यावर सोडली तर बस पुढे कशी जाते?

नव्या ट्रॉलीबसमध्ये छोटी बॅटरी असते, पन्नास-साठ युनिटची. बस तारेखाली असताना तार मोटर चालवते आणि त्याच वेळी बॅटरीही भरते. तार संपली की दांडे आपोआप खाली येतात आणि बस बॅटरीवर पुढे जाते. पुन्हा तार आली की थांब्यावर, तारेवर बसवलेल्या छोट्या पन्हाळीसारख्या मार्गदर्शकाच्या मदतीने, दांडे वर जातात. कोणी उतरून दोरी ओढायची नाही. नळाखाली हंडा भरून घ्यायचा आणि नळ नाही तिथे हंड्यावर भागवायचं.

हिशेब करून पाहू. समजा मार्गाचा पाच किलोमीटरचा टप्पा तारेखाली आहे. गर्दीत ताशी पंधरा किलोमीटर वेग, म्हणजे वीस मिनिटं. बॅटरी भरायला 100 किलोवॉट मिळाले तर तेवढ्या वेळात 33 युनिट जमा. सव्वा युनिटाच्या हिशेबाने पंचवीस किलोमीटरची सोय झाली, तीही कुठे उभं न राहता. रहदारी जितकी संथ तितकी बॅटरी जास्त भरणार. वाहतूककोंडीचा फायदा होणारी शहरातली ही बहुधा एकमेव गोष्ट असेल.

मग विसर्जनाचा रस्ता, वारसा इमारतींचा चौक, मेट्रोने खणलेला पट्टा, गुंतागुंतीचे तारांचे सांधे, हे सगळं तारेविना ठेवता येतं. तार टाकायची ती चढावर आणि जिथे अनेक मार्ग एकाच रस्त्यावर येतात तिथे.

प्राग शहराने हेच केलं. तिथली ट्रॉलीबस 1972 मध्ये, म्हणजे मुंबईच्या दुसऱ्याच वर्षी बंद झाली होती. 2017 मध्ये प्रागने एका चढाच्या रस्त्यावर तार टाकून चाचणी सुरू केली. 2024 च्या मार्चपासून तिथल्या विमानतळाकडे जाणाऱ्या गर्दीच्या मार्गावर तीन भाग दोन सांध्यांनी जोडलेल्या, चोवीस मीटरहून लांब ट्रॉलीबस धावतात आणि मार्गाचा काही भाग त्या तारेविना कापतात. विद्युतयंत्रणा स्कोडाची.

बॅटरीच्या बस आहेतच ना?

आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच योग्य आहेत. जपानमध्ये कुरोबे धरणाकडे जाणाऱ्या बोगद्यातली ट्रॉलीबस 1964 पासून होती. 2018 च्या हंगामानंतर ती काढून तिथे बॅटरीच्या बस आणल्या. मार्ग छोटा, दोन टोकांना थांबून चार्जिंगला वेळ, मग तार कशाला सांभाळा? काठमांडू ते भक्तपूर ट्रॉलीबस 1975 मध्ये चीनच्या मदतीने सुरू झाली. रडतखडत चालून ती 2000 च्या दशकात मेली. तिथे तंत्रापेक्षा कारभार आणि देखभाल आड आली, पण तार ही देखभाल मागणारी वस्तू आहे एवढं त्यातून दिसतंच.

तारेची बाजू उजवी ठरते ती एका प्रकारच्या मार्गावर: गाड्या लांब, दर तीन-चार मिनिटांना एक, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. अशा मार्गावर बॅटरीची बस चार्जिंगला उभी राहिली की तिच्या जागी दुसरी लागते, आणि आगारात शेकडो बसना रात्री एकदम चार्ज करायला जागा आणि वीज दोन्ही लागतात. मुंबईत जागेचा भाव काय आहे हे सांगायला नको. एखाद्या रस्त्यावर तासाला चारच बस जात असतील, तर मात्र तारेचं नावही काढू नये.

वीज शेवटी कोळशाचीच ना, हा आक्षेप ट्रॉलीबसला जेवढा लागू तेवढाच बॅटरीच्या बसला. फरक इतकाच की तारेतून थेट घेतलेल्या विजेत साठवण्या-काढण्याची घट नसते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि आज तो 1962 पेक्षा अवघड आहे. तेव्हा तार, वीज, बस आणि चालक सगळं बेस्टचं होतं. आज बेस्टच्या कितीतरी बस कंत्राटदाराच्या मालकीच्या आहेत आणि त्यांना किलोमीटरमागे पैसे मिळतात. कंत्राटदार बॅटरी विकत घेतो, कारण कंत्राट संपल्यावर ती बसबरोबर त्याच्याकडेच राहते. खांब आणि तार रस्त्यात रोवलेली. ती पंचवीस-तीस वर्षं टिकेल, कंत्राट त्याच्या निम्मंही टिकत नाही. तेव्हा तार टाकायचीच असेल तर ती पालिकेने किंवा सरकारने रस्त्याचा भाग म्हणून टाकावी लागेल, आणि कुठल्याही कंत्राटदाराच्या बसला तिच्याखालून वीज मोजून द्यावी लागेल.